पावलांचं कार्ड

“आहे त्यात काय वाईट होतं? दुसरं कार्ड कशाला?” ताईने पुन्हा विचारलं. “आवर लवकर. हे यायची वेळ झालीय.”

बाळ्याने मान वर केली नाही. पिवळा पडलेला जुना संगणक टेबलावर आडवा होता, पत्रा काढलेला, पोट उघडं. आत एक साउंड कार्ड आधीपासून होतं. ते फक्त संगीत वाजवायचं. गेममधली पावलं, दारं, किंकाळ्या त्याला जमत नव्हत्या. त्यासाठी बाळ्याने भंगारवाल्याकडे खेटे घालून हे दुसरं मिळवलं होतं.

“पोरगी अर्धाच गेम खेळतेय, ताई. बहिऱ्यासारखी.”

“तिला तेवढाच आवडतो.”

ताईची लेक चिंगी खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“हे बघ चिंगे, दोन्ही कार्डांचा पत्ता एकच आहे. एकाच पत्त्यावर दोघं राहिली की भांडतात, मशीन मुकं होतं. मग एकाला हलवायचं.” बाळ्याने चिमट्याने कार्डावरची इवलीशी टोपी एका पिनेवरून उचलून शेजारच्या पिनेवर बसवली. “झालं. हललं बिऱ्हाड!”

एरवी ताई हसली असती.

“आता एक स्क्रू दे.”

चिंगी धावत जाऊन घेऊन आली. बाळ्याने तो बोटांत फिरवला. “हा लाकडाचा आहे गं. कुठून काढलास?”

“बाथरूमच्या कडीचा. कडी तुटली ना परवा, आम्ही आत असताना बाबांनी...”

“चिंगे, मामाला पाणी आण.”

पाणी आलं. बाळ्या ते प्यायला नाही. पहिल्या कार्डाचा आवाज बारीक वायरीने दुसऱ्यात सोडला, दुसऱ्यातून स्पीकरला, आणि मशीन चालू केलं. पडद्यावर लांबलचक अंधारा बोळ आला. ओळखीचं संगीत सुरू झालं. मग त्याच्याखालून काहीतरी नवं आलं. थप. थप.

चिंगीचा चेहरा पांढरा पडला. “मामा, हे काय?”

“पावलं. राक्षस दाराकडे यायला लागला की वाजतात. लपायला वेळ मिळतो. इतके दिवस कशी खेळलीस गं तू?”

“अंदाजाने,” चिंगी म्हणाली.

आणि एकदम तिने मान तिरकी केली. बाळ्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने स्पीकरचं बटण शेवटपर्यंत पिळलं. नजर पडद्यावर नव्हती, घराच्या दारावर होती. ताईने टेबलावरचे दोन काचेचे पेले उचलून कपाटात ठेवले, कपाटाचं दार लावून घेतलं. दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

“अगं, कान फुटतील!” बाळ्या ओरडला आणि त्याची नजर ताईकडे गेली.

लहानपणी ताई रेडिओचं बटण असंच पिळायची. ह्याच घाईने. आई-बाबांच्या खोलीचं दार लागलं की. तेव्हा त्याला वाटायचं, ताईला गाण्यांचं फार वेड आहे.

जिन्यावर आता त्यालाही चाहूल लागली.

“बाळ्या, तू नीघ. मागच्या दाराने जा,” ताई म्हणाली. “तू असलास की नंतर जास्त होतं.”

“नाही निघत.”

त्याने मशीनच्या उघड्या पोटात हात घातला आणि ती बारीक वायर उपटली. संगीत जागच्या जागी मेलं. बटण मात्र शेवटपर्यंत पिळलेलंच होतं. घरभर नुसती पावलं घुमू लागली, जड, सावकाश, भिंती हलतील अशी. ताईने चिंगीला जवळ ओढलं. चिंगीचा हात बटणाकडे गेला, आणि तिने तो मागे घेतला.

बाहेरची पावलं उंबऱ्याशी येऊन थांबली. आतली दाराच्या दिशेने चालत राहिली.