सुंदर प्रयत्न

"हे मी लिहिलेलंच नाही!" सिंधूमावशींनी भाचीसमोर मोबाइल आपटला. एकमेकांच्या कथांवर अभिप्राय देण्यासाठी भाचीनं ॲप बनवलं होतं आणि तपासायला मावशींना दिलं होतं. एका मुलीच्या कथेवर मावशींनी लिहिलं होतं, 'शेवटी आईला उगाच मारलंस. वाचकाला रडवायची ही पळवाट आहे.' पडद्यावर त्यांच्याच नावाखाली उमटलं होतं, 'सुंदर प्रयत्न! शेवट आणखी खुलेल.'

"कठोर शब्द ॲप आपोआप मऊ करतं. लोक दुखावतात गं, मावशी."

"दुखावू देत! आमच्या कथामंडळात तोंडावर बोलायचे आणि मग पोह्यांची बशी पुढे करायचे. माझ्या नावावर खोटं बोलायचा हक्क तुझ्या यंत्राला कुणी दिला? ती पोर उद्या ही कथा दिवाळी अंकाला पाठवतेय. नंबर दे तिचा!"

भाचीनं निमूट दिला. मावशींनी स्पीकरवर फोन लावला आणि आपला अभिप्राय शब्दन् शब्द ऐकवला, आवाज जराही न उतरवता.

भाचीनं कपाळाला हात लावला.

"काकू," मुलगी हळूच म्हणाली, "सगळ्यांचं 'सुंदर, सुंदर' बघून मला वाटलं होतं, कथा कुणी वाचलीच नाही."