सफरचंदाची सुरी

"बाई, आईनं चुकून माझ्या डब्यात सफरचंदाबरोबर सुरीपण टाकलीय!" सहावीतल्या एका बडबड्या मुलीनं शाळा भरताच सुरी आपणहून बाईंच्या हातात दिली. बाईंनी तिची पाठ थोपटली आणि मोठ्या विश्वासानं ती सुरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"शाळेत हत्यार आणलं की दाखला हातात. चुकूनबिकून नियमात काही नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"अहो सर, बोटभर सुरी ती! आणि पोरीनं स्वतः आणून दिलीय."

"आज तिला सोडलं, तर उद्या कुणाला धरायचं?"

दुपारी आई दाखला आणि रडणारी लेक घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना बाई त्या बडबडीच्या नावाशी अडखळल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा, एरवी तोंडही न उघडणारा मुलगा घामाघूम होऊन उभा राहिला.

"बाई, माझ्या दप्तरात..."

बोलता बोलता त्याची नजर बडबडीच्या रिकाम्या जागेवर गेली.

"काय आहे दप्तरात? सांग बाळा, घाबरू नकोस."

तो दप्तर पोटाशी घट्ट धरून खाली बसला.

"काही नाही, बाई."