तारुमीला चुकवलं तेव्हा

बॉल रवींद्रच्या पायात होता आणि समोर तारुमी उभा होता. गोलपर्यंत बाकी कुणीच नाही. न्यूझीलंडमधल्या लोअर हट गावच्या मैदानावर सीझनच्या शेवटी पालक विरुद्ध कोच असा गमतीचा सामना चालला होता, पण रवींद्रला गंमत सुचत नव्हती.

तारुमी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. जपानच्या संघाचा बचावपटू, पुढे इथल्या क्लबकडून वर्षानुवर्षं खेळलेला. भल्याभल्यांची त्याच्यासमोर भंबेरी उडायची. निवृत्त झाला तरी तो कॅफेत शिरला की माणसं उठून हात मिळवतात. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाच्या, काचेवर अजून त्याचाच फोटो आहे. आता तो मुलांना शिकवतो, आणि रवींद्रची लेक श्रिया त्याच्याच हाताखाली तयार होतेय.

घरात उठता-बसता तिचं 'कोच सेज', कोच असं म्हणतात, चालतं. एके काळी श्रियाला वाटायचं, आपल्या बाबाला जगातलं सगळं येतं. तसं कौतुकानं बघायची त्याच्याकडे. ते कधी संपलं, बापाला कळलंही नाही. तिनं एकदा, फक्त एकदाच, पुन्हा तसं बघावं यासाठी तो आतल्या आत झुरत होता. पुण्यात कॉलेजच्या टीममध्ये कायम राखीव बसलेल्या माणसाला याहून चांगली संधी कुठून मिळणार?

त्यानं डावीकडे झुकल्यासारखं केलं आणि उजवीकडून निघाला. तारुमी वळला. जीव खाऊन त्यानं पाय टाकला, पण पोचला नाही. रवींद्रनं डोळे मिटून लाथ मारली आणि बॉल जाळ्यात!

टाळ्यांचा कडकडाट झाला, पण तारुमीसाठी. "व्हॉट अ जेंटलमन!" कुणीतरी ओरडलं. "केवढं मोठं मन बघा," शेजारची सानिका म्हणाली, "मुद्दाम गोल करू दिला!" रवींद्रचा तिळपापड झाला. मुद्दाम? चांगला चुकवलाय त्याला! तो तसं सांगणारच होता, तेवढ्यात तारुमीनं जवळ येऊन हात पुढे केला.

"मी तुम्हाला सोडलं नव्हतं," तो इंग्रजीत हळूच म्हणाला. "होतं नव्हतं ते सगळं लावलं. वाटलं होतं, माझ्यात अजून थोडा खेळ उरला असेल."

तो हसायला गेला, पण डोळे भरून आले. आजूबाजूला लोक त्याच्या नावानं ओरडत होते. खरं काय ते एकट्या रवींद्रला ठाऊक होतं.

श्रिया धावत आली. धाप लागलेली, चेहरा फुललेला. ज्या नजरेसाठी तो इतकी वर्षं झुरला, त्याच नजरेनं ती त्याच्याकडे बघत होती.

"बाबा, टेल मी द ट्रुथ! यू ॲक्चुअली बीट कोच?"

तारुमी पाठमोरा चालला होता, लंगडणं कुणाला दिसू नये म्हणून सावकाश. रवींद्रनं त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे.

"छे गं," तो म्हणाला. "कोचनी मुद्दाम सोडलं मला."