जोरात वाचा

मुलांच्या बगीच्याची जागा बिल्डरनं दाबली, हे माझ्या नातीनं, कस्तुरीनं, आपल्या ब्लॉगवर लिहिलं. पेपरांत एक अक्षर नाही, तिथं पहिलं पानच त्याच्या जाहिरातीचं. दुसऱ्या दिवशी बिल्डरचा माणूस मिठाई घेऊन मल्हारगंजात आमच्या ओट्यावर आला.

"आजीजी, ब्लॉगला सालभर जाहिरात देतो. बस, ती एक बातमी काढायला लावा. तसंही बिटियाचं वाचतो कोण?"

"कोणी वाचत नाही तर तुम्ही कशाला धावत आलात?" मी म्हटलं. "आणि भिया, मी दुसरी पास. काय काढायचं ते तरी कळू द्या. वाचून दाखवा. जोरात, मला कमी ऐकू येतं."

तो मोबाइलमध्ये मान घालून वाचू लागला. भाजी निवडणाऱ्या बायका सरकत जवळ आल्या, समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवली. बिल्डरच्या माणसानं मान वर केली तेव्हा अख्खी गल्ली उभी होती.

"उद्या सकाळी सगळे बगीच्यात जमू," शेजारची सुलोचना म्हणाली.

तो निघून गेला.

बातमी मला तोंडपाठ होती. टाकायच्या आधी कस्तुरी मलाच वाचून दाखवते, तेही हळू आवाजात.