फ्रिज बंद

"आई, फ्रिज आणि पंखा बंद केलेत हं. रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते."

हेमलताबाईंनी बत्ता खलात आपटला. ऐन मे महिन्यात, घामाच्या धारा पुसत त्या दाण्याचं कूट करत होत्या आणि ओट्यावर लेकीचा माइक पाहुण्यासारखा ठाण मांडून बसला होता. केतकीला म्हणे हल्ली स्वयंपाकघरातल्या आवाजांतून संगीत सुचत होतं. काल रेकॉर्डिंगनंतर ती फ्रिज लावायला विसरली आणि लिटरभर दूध नासलं.

"मध्येच पोळपाट वाजला, आई. पुन्हा एकदा!"

"अगं, दाण्यांचं तेल निघायची वेळ आली! कुटण्याला संगीत म्हणतात, एवढंच ऐकायचं राहिलं होतं."

महिन्याभराने लेकीने हौसेने आर्ट गॅलरीत नेलं. पांढऱ्याफटक भिंतीवर चित्र एकही नाही, नुसता एक हेडफोन टांगलेला. "ह्याच्यासाठी माझं दूध नासवलंस?" म्हणत त्यांनी तो कानाला लावला.

बत्त्याचे ठोके सुरू झाले. त्या ठोक्यांवर कुणीतरी भूप गुणगुणत होतं. हेमलताबाई थबकल्या. लग्नानंतर गाणं सुटलं ते सुटलंच, असं त्या सगळ्यांना सांगत आल्या होत्या. आवाज मात्र त्यांचाच होता.

"रागावलीस?" केतकीने चाचरत विचारलं. "तुला न विचारता ठेवलं मी ते."

"रागावू नको तर काय करू? गंधार नीट लागलेला नाही माझा, आणि चारचौघांना ऐकवत सुटलीस!" हेमलताबाईंनी हेडफोन तिच्या हातात कोंबला. "घरी चल. आधी दूध तापवते, मग फ्रिज बंद कर."