ओटी

पीएचडीच्या गाईडनं केबिनला कडी लावून मुक्ताला धरलं होतं. विद्यापीठात पहिल्यांदाच नेमलेल्या चौकशी समितीपुढे आज तिची साक्ष होती. सकाळीच गाईडची बायको नारळ आणि खण घेऊन मुक्ताच्या फ्रीगंजमधल्या घरी आली. "मुलीची ओटी भरते, भाऊजी. बात इथंच खतम करा." मुक्ताच्या वडिलांनी नारळ बाजूला सरकवला. तरी बाई म्हणाली, "वहिनी असत्या, तर त्यांनीच हिला समजावलं असतं." श्रावणात वारलेल्या बायकोचा विषय निघताच त्यांचं डोकं फिरलं. "ती असती, तर तिनं तुम्हाला उंबरा ओलांडू दिला नसता!" बाई गडबडली. "अहो, आधीच्या दोघींनी मुकाट्यानं ओटी घेतली, तक्रार सोडली. दोघींची लग्नंसुद्धा चांगली झाली." आतून मुक्ता बाहेर आली. "कोण दोघी, काकू?" बाईनं नारळ पिशवीत टाकला. "इथं नका सांगू," मुक्ता चप्पल घालत म्हणाली. "साक्षीदारांत तुमचं नाव देते."