शेजारची सीट

बायको शुलामित गेली, हे मेईरला लोदमध्ये, गाडी विकणाऱ्या यारोनच्या अंगणात कळलं. तो यारोनला तिचाच निरोप सांगत होता. आज तिला बरं वाटत नाही, उद्या ती स्वतः येऊन गाडी नेईल, तोवर दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. तेवढ्यात यारोनचा मोबाईल वाजला. त्याने ऐकलं आणि फोन मेईरच्या हातात दिला. पलीकडे मेईरची मुलगी ओरिट होती.

एकतिसाव्या दिवशी मेईर डिमोनाहून बस बदलत पुन्हा लोदला आला. सुतकाच्या महिन्याची दाढी त्याने आदल्या संध्याकाळी काढली होती. गाडी तिथेच उभी होती. निळी सुबारू, चार दारांची, टर्बोवाली, बॉनेटवर हवा आत घेणारं रुंद तोंड. रॅलीच्या शर्यतीत धावतात त्या गाड्यांच्या घरातली. शुलामितने वीस वर्षं कारखान्याच्या कामगारांची व्हॅन चालवली होती. निवृत्त झाल्यावर तिला हीच गाडी हवी होती.

यारोन विमानतळावर मेकॅनिक होता. त्याने खुर्ची पुढे केली.

"अंकल, एवढ्या लांब कशाला आलात? फोन केला असता तरी मी समजलो असतो."

"काय समजला असतास?"

"की सौदा मोडला."

"मी कुठे बोललो मोडला? गाडी मी घेतो."

"तुम्हाला चालवता येते?"

"नाही."

"मग?"

"तिने तुला शब्द दिलाय."

"शब्दातून मी तुम्हाला सोडलं," यारोन म्हणाला. "खरं सांगू, अंकल? आठवणच ठेवायची असेल तर फोटो मोठा करून लावा. ही गाडी बिल्डिंगखाली चादर घालून ठेवायची नाही. उभ्या गाडीची बॅटरी जाते, टायर बसतात. डिमोनाची धूळ तर विचारूच नका. तशी उभी ठेवायला मी देणार नाही."

मेईर उठून गाडीपाशी गेला.

"बरं, नको देऊस. एक फेरी मार. गाडी बघायला आलो त्या दिवशी ती चालवत होती, तू शेजारी बसलास आणि मी मागे. मला पुढे बसायचंय."

गावाबाहेर रस्ता मोकळा झाला तसा यारोनने पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग टर्बो लागला आणि मेईरची पाठ सीटला चिकटली. त्याने दाराची कडी धरली.

"पुढे ट्रक," तो म्हणाला. "उजवीकडून एक पांढरी निघतेय. मग वळण. डावीकडे, शेवटी आवळतं."

"मला दिसतंय, अंकल."

"तिलाही दिसायचं. तरी म्हणायची, अहो, पुढचं सांगा." मेईर समोरच बघत होता. "तीस वर्षं सांगितलं. खड्डा, पोलीस, शाळेची पोरं. एकदा येरुहामच्या रस्त्यावर मला डुलकी लागली आणि नेमका उंट आडवा आला. वाचलो. पण महिनाभर घरात कुणी आलं की आधी उंटाची गोष्ट, मग चहा."

यारोन हसला. "रॅलीतही असा एक जण शेजारी बसतो. वहीतून रस्ता वाचत."

"माहीत आहे. टीव्हीवर दाखवायची मला. म्हणायची, बघा, तुमचा भाऊ."

यारोनने गाडी हळू केली. मग त्याने ती पोस्टाकडे वळवली, कारण इस्रायलमध्ये गाडीची मालकी बदलायची ती पोस्टातच.

"एका अटीवर," तो म्हणाला. "तुम्ही शिकायचं. वर्षात नाही शिकलात तर मी येऊन गाडी परत घेऊन जाणार."

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"तीस वर्षं रस्ता तर तुम्हीच बघताय. आता फक्त हातपाय हलवायचे."

"आधी गाडी तपासून घेत नाहीत का? लोक म्हणतात, टेस्ट करून घ्यावी."

"घ्या की. तपासणी केंद्र त्या चौकाच्या पुढेच आहे."

मेईरने विचार केला. "नको. तिने डोळे मिटून इंजिन ऐकलं होतं. बास झालं."

काउंटरवरच्या बाईने दोघांची ओळखपत्रं मागितली, कागदावर दोनदा शिक्का मारला आणि मेईरकडे बघून म्हणाली, "मजाल तोव, अभिनंदन. जरा सांभाळून हं, ही पळते." मेईरने मान हलवली.

बाहेर येऊन यारोनने चावी त्याच्या तळहातावर ठेवली. मेईरने ती मुठीत धरली, गाडीच्या पुढून वळसा घातला, स्टिअरिंग नसलेल्या बाजूचं, उजवीकडचं दार उघडून आत बसला आणि पट्टा लावला. मग समोर बघत वाट बघू लागला.

यारोन फुटपाथवर उभा होता. आपण कुणाची वाट बघतोय, हे मेईरला कळायला थोडा वेळ लागला. त्याने शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहिलं, पण उतरला नाही.

यारोन डावीकडून आत येऊन स्टिअरिंगपाशी बसला. त्याने हात पुढे केला आणि मेईरने मूठ उघडली.

"चला, डिमोना," यारोन म्हणाला. "मी बसने परत येईन."

बीरशेवा मागे पडलं. पुढे वाळवंट सुरू झाल्यावर मेईर म्हणाला, "आता उतार आहे. इथे ती गिअर खाली घ्यायची." यारोनने गिअर खाली घेतला.

ते डिमोनाला पोचले तेव्हा तीन वाजले होते. मेईरला शिकायचं तर आधी शिकाऊ लायसनचा हिरवा फॉर्म हवा; तो चष्म्याच्या दुकानात मिळतो, तिथेच डोळे तपासून. पण मंगळवार होता, आणि मंगळवारी तिथली दुकानं दुपारनंतर बंद. यारोनने गाडी बिल्डिंगखाली लावली आणि तो बसस्टॉपकडे गेला.

डोळे तपासायचे उद्यावर राहिले.